वाचक विचारतात : गॅस आहे, पण ज्योत नाही

मागच्या अंकात ओला कचरा आणि पालापाचोळा यांपासून होणाऱ्या बायोगॅसबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच तक्रारीची आहेत, म्हणून ती आधी आणि ऐसपैस घेतलीय. काही प्रश्न दोन ओळींत मिटणारे होते, ते तसेच मिटवलेत. मी नव्या टाक्या बसवण्यापेक्षा बिघडलेल्या टाक्या मार्गी लावण्याचं काम जास्त करते. त्यामुळे उत्तरांत पाने-पकडीची भाषा येईल, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, घरामागे हजार लिटरची टाकी आहे. चांगली चालत होती. घरी समारंभ झाला, बरंच अन्न उरलं, वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून दोन दिवसांत सगळं टाकीत घातलं. तेव्हापासून गॅस साठवणारा तरंगता ड्रम आधीपेक्षाही वर येतो, पण शेगडीवर काडी धरली की फुस्स होऊन विझते. टाकीला आंबूस वासही येतोय. काय करू?
— एक गृहिणी

उत्तर : टाकी आंबलीय. गॅस साठतोय हे खरं, पण त्यात जळणारा भाग फारसा उरलेला नाही.

टाकीत एकाच जातीचे जीव नसतात. एक फळी पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ फोडून त्यांची आम्लं करते. दुसरी फळी त्या आम्लांपासून मिथेन करते. मधे आणखी पायऱ्या आहेत, पण दुरुस्तीपुरतं एवढं पुरे. पहिल्या फळीची संख्या काही तासांत दुप्पट होते, दुसरीला त्यासाठी दिवस लागतात. खाद्य थोडं थोडं पडत असतं तोवर दोघींचा मेळ बसतो. तुम्ही एकदम भरमसाट घातलंत. पहिल्या फळीने त्याचं भराभर आम्ल केलं आणि दुसरीला ते उपसता येईना. आम्ल साचलं, सामू म्हणजे पीएच उतरला. सामू साडेसहाच्या खाली गेला की मिथेन करणारे जीव हात टेकतात. पहिली फळी मात्र त्याहून आंबट पाण्यातही काम करत राहते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. तुमचा ड्रम त्यानेच वर येतोय. चालत्या टाकीच्या गॅसमध्ये मिथेन ५० ते ६५ टक्के असतो आणि उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा. हे प्रमाण उलटं झालं की ज्योत धरत नाही.

आधी खात्री करून घ्या. आउटलेटमधून वाटीभर स्लरी, म्हणजे टाकीतला पातळ काला, काढा आणि उजेडात बघा. निरोगी स्लरी काळपट असते, वास मातकट येतो, वाटी कलती केली की सरळ वाहते. आंबलेली स्लरी राखाडी-पिवळट दिसते, वर फेस धरते आणि तिला व्हिनेगरमध्ये खवट लोणी मिसळल्यासारखा वास येतो. हा वास एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही. तरीही सामूपट्टी बुडवून बघा. ६.८ ते ७.५ म्हणजे ठीक. ६.५ च्या खाली असेल तर निदान पक्कं.

उपाय पहिला आणि सगळ्यांत जड जाणारा: खाद्य पूर्ण बंद. आठवडाभर तरी. टाकी उपाशी ठेवायची म्हटली की लोकांना कसंसंच होतं, मग ते 'थोडंसं' घालतात आणि आठवड्याचा महिना होतो. घालू नका. साठलेला न पेटणारा गॅस मोकळ्या जागी, आगीपासून लांब सोडून द्या. दुसऱ्या एखाद्या चालत्या टाकीतली स्लरी मिळाली तर दोन-तीन बादल्या घाला. नाही मिळाली तर ताजं शेण पाण्यात कालवून घाला. गुरांच्या पोटात मिथेन करणारे जीव असतातच, ते शेणाबरोबर येतात. सामू फारच उतरला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा द्या आणि दर वेळी पट्टीने बघा. चुना घालायचा सल्ला कुणीतरी देईलच. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याने टाकीतला दाब एकदम पडतो, आणि तळाशी खडूसारखा गाळ बसतो तो वेगळाच. मी चुन्याच्या वाटेला जात नाही.

ज्योत परत धरायला लागली की नेहमीच्या चौथाईपासून सुरुवात करा. ती दोन-तीन दिवस स्थिर राहिली तर वाढवा. पुढेही हजार लिटरच्या टाकीला दिवसाला चार-पाच किलो ओला कचरा, बारीक करून, पाण्यात कालवून, याच्या वर जाऊ नका. पुन्हा कधी अन्न उरलं तर झाकणाच्या बादलीत ठेवा आणि रोजच्या वाट्यातूनच संपवा. बादलीत ते आंबलं तरी बिघडत नाही, टाकीत गेल्यावर त्याचं पहिलं काम आंबण्याचंच होतं. फक्त रोजचा एकूण वाटा ओलांडायचा नाही.

याच तक्रारीच्या बाकी पत्रांना वेगळं उत्तर देत नाही. एका पत्रात टाकी नवी आहे, सुरू होऊन दहाच दिवस झालेत आणि गॅस पेटत नाही, असं आहे. तिथे बिघाड काही नाही. सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, शिवाय टाकीतली हवा त्यात मिसळलेली असते. तो सोडून द्यावा. शेणकाल्याने सुरू केलेल्या टाकीला उबदार हवेत दोन-तीन आठवडे लागतात. तोवर स्वयंपाकघरातला कचरा घालायची घाई नको.

प्रश्न : आमच्या आवारात झाडांची वाळलेली पानं ढिगाने पडतात. शेजारी सुताराचा कारखाना आहे, भुसाही फुकट मिळतो. तो सगळा टाकीत घातला तर गॅस किती मिळेल? गवताचं काय?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : भुशापासून जवळजवळ काही नाही. वाळलेल्या पानांपासून थोडासा, आणि मनस्ताप भरपूर. गवताचं मात्र जमू शकतं.

लाकडाला लाकूडपण देणारा लिग्निन नावाचा घटक आहे. तो पेशींच्या भिंतीत सेल्युलोजला घट्ट मिठी मारून बसलेला असतो. सेल्युलोज टाकीतल्या जिवाणूंना पचतं, सावकाश का होईना. लिग्निन पचत नाही. जंगलात पडलेलं लाकूड कुजतं ते मुख्यतः बुरशीमुळे, आणि त्या बुरशीला प्राणवायू लागतो. टाकीत तर आपण प्राणवायू मुद्दाम बंद केलेला असतो. म्हणून भुसा वर्षभराने बाहेर काढलात तरी भुसाच निघेल.

दुसरी अडचण कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाची. टाकीतल्या जिवांना साधारण २० ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र मानवतं. गाईच्या शेणात ते आपसूक त्या हद्दीत असतं. वाळलेल्या काडात कर्ब ८० भागांच्या घरात जातो, भुशात तर शेकड्यांत. उलट कोंबडीच्या विष्ठेत नत्र इतकं, की एकटी घातली तर अमोनियाने टाकी गुदमरते. म्हणून काडाबरोबर कोंबडीखत ही जोडी कागदावर छान दिसते आणि प्रत्यक्षातही बरी चालते, पण काड बारीक केलेलं असेल तरच.

आता गवत. हिरवं, कोवळं, बी धरण्याआधी कापलेलं असेल तर त्यात लिग्निन कमी असतं. बोटाच्या पेरापेक्षा बारीक चिरा. लांब काड्या टाकल्या तर त्या पाण्यावर तरंगतात, एकमेकींत अडकतात आणि वर जाड साय धरते. तिच्याखाली गॅस कोंडतो, इनलेट तुंबतं, आणि मग माझ्यासारखीला फोन जातो. एका टाकीतून ही साय मी फावड्याने कापून काढलीय, चटई गुंडाळावी तशी ती गुंडाळता येत होती. शेणावर चालणाऱ्या साध्या टाकीत एकूण खाद्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त गवत घालू नये, आणि दिवसातून एकदा तरी ढवळावं. जलपर्णीलाही हाच नियम. ती पचते चांगली, पण देठांत हवा भरलेली असल्यामुळे न चिरता घातलीत तर तरंगतच राहणार.

वाळलेली पानं टाकायचीच असतील तर आधी ओली करून आठ-दहा दिवस उघड्यावर ढीग लावून ठेवा. बुरशी तिचं काम सुरू करते, पानं मऊ पडतात. यात थोडी ऊर्जा ढिगातच जळून जाते. पण खरं सांगू? पानांचं थेट कंपोस्ट करा. प्रत्येक कचरा टाकीतच गेला पाहिजे असं नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी जर्मनीचा उल्लेख आहे, की तिथे म्हणे पिकंच टाकीत घालतात. बरोबर आहे. तिथे नऊ हजारांहून जास्त बायोगॅस प्रकल्प आहेत आणि मक्याचा मुरघास हे त्यांचं मोठं खाद्य. मका हिरवा असताना कणसासकट कापून, कुटून, दाबून, हवाबंद झाकला की लॅक्टिक आम्लामुळे टिकतो आणि वर्षभर पुरवता येतो. एक टन मुरघासापासून सुमारे २०० घनमीटर गॅस निघतो. गुरांच्या पातळ शेणमुतापासून टनाला २५ च्या आसपास. एवढा फरक दिसल्यावर शेतकरी मक्याकडे वळणारच. इतके वळले, की २०१२ च्या कायद्यात नव्या प्रकल्पांसाठी मका आणि धान्याचं प्रमाण वजनाने ६० टक्क्यांवर रोखावं लागलं. गॅससाठी सुपीक जमीन अडवणं मला पटत नाही. मुख्य पीक निघाल्यावर मोकळ्या रानात घेतलेलं आच्छादनाचं पीक, कापणीनंतरचा पाला, बाजारातली सडकी भाजी हे सगळं संपल्यावर मक्याचा विचार करावा.

प्रश्न : टाकीत जितकं घालतो जवळपास तितकंच आउटलेटमधून बाहेर येतं. मग गॅस नेमका कशाचा होतो? आम्हाला फसवलं तर नाही ना?
— एक संशयी वाचक

उत्तर : नाही. ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यात तुम्ही वरून आणखी पाणी घालता. ते सगळं बाहेर येणारच. दहा किलो शिळं अन्न धरा. त्यापासून साधारण एक घनमीटर गॅस होतो आणि त्याचं वजन भरतं सव्वा किलोच्या आत. दहा किलो अन्न आणि दहा लिटर पाणी मिळून वीस किलो आत गेलं, त्यातलं सव्वा किलो कमी झालं. डोळ्यांना ते कळत नाही. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वाळवून तोलून बघा, मग कळेल.

शेणाचं गणित आणखी वेगळं. एक किलो ताज्या शेणापासून ४० लिटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे एका घनमीटरला २५ किलो शेण. अन्नापेक्षा शेण मागे पडतं ते याचसाठी, की त्यातलं सहज पचणारं जनावराने आधीच पचवलेलं असतं. आपल्याला मिळते ती त्याची उरलीसुरली. पिष्टमय कचऱ्याचा हा फायदा ओळखून पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती आकाराचं छोटं संयंत्र बसवलं आणि त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणाला महिना-सव्वा महिना लागतो, तिथे पीठ किंवा साखर टाकीत दिवसा-दोन दिवसांत गॅस देऊन मोकळी होते. पहिल्या पत्रातली टाकी आंबली तीही याच गुणामुळे.

प्रश्न : उरलेला गॅस स्वयंपाकाच्या रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून ठेवता येईल का? कंप्रेसर आहे.
— एक मेकॅनिक

उत्तर : नाही, आणि प्रयत्नही करू नका.

सिलिंडरमधला एलपीजी माफक दाबाखाली द्रव होतो, म्हणून छोट्या टाकीत खूप मावतो. मिथेनचं तसं नाही. उणे ८२ अंशांपेक्षा गार केल्याशिवाय तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, वायूच राहतो. म्हणून गाड्यांत तो २०० पट वातावरणीय दाबाने, त्याच कामासाठी बनवलेल्या जाड सिलिंडरमध्ये भरतात. स्वयंपाकाचा सिलिंडर त्या दाबासाठी नसतो. शिवाय तुमच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ आहे. दोन्ही मिळून पोलाद आतून खातात. मोठ्या प्रकल्पांत गॅस आधी दाबाखाली पाण्याने धुतात. कार्बन डायऑक्साइड आणि सल्फाइड पाण्यात विरघळून जातात, नव्वद टक्क्यांहून शुद्ध मिथेन उरतो आणि मग तो दाबून भरतात. ते घरच्या कंप्रेसरचं काम नव्हे. उरलेला गॅस साठवायचाच असेल तर कमी दाबाचा रबरी किंवा पीव्हीसीचा फुगा मिळतो. तो सावलीत, घरापासून दूर ठेवा.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात रोज ३० किलो ओला कचरा निघतो. त्यावर मुलींचा सगळा स्वयंपाक होईल असं सांगून एकाने प्लांट देऊ केलाय. मुली १२० आहेत.
— वसतिगृहाच्या व्यवस्थापक

उत्तर : बाई, सांगणाऱ्याला आकडे मांडून दाखवायला सांगा. ३० किलोपासून चांगल्या दिवशी तीन घनमीटर गॅस. एक घनमीटर म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजीएवढी उष्णता, म्हणजे दिवसाला १,३५० ग्रॅम. एका माणसाच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला पाव ते तिसरा हिस्सा घनमीटर गॅस लागतो. मोठ्या स्वयंपाकात माणशी थोडा कमी लागेल. तरी तुमचा गॅस दहा-बारा जणींना पुरेल, फार तर पंधरा. पाणी तापवणं, चहा, एखादं मोठं पातेलं एवढ्यासाठी तो छान आहे. मुख्य स्वयंपाक त्यावर होणार नाही.

तरीही प्लांट घ्या असंच मी म्हणेन. रोजचा ३० किलो कचरा आवारातच जिरतो आणि वर खत मिळतं, हा मोठा फायदा. फक्त टाकी सहा हजार लिटरच्या खालची घेऊ नका. विकणारा अडीच हजारांत भागेल असं म्हणेल. भागतं, पण मग रोज अचूक तोलून घालावं लागतं. वसतिगृहात तसं कोण करणार आहे? आणि परीक्षा-सुट्ट्यांत मुली घरी गेल्या की टाकीला खाद्य नाही, हेही आधीच धरा. उपाशी टाकी मरत नाही, मंदावते. मुली परतल्यावर पहिल्याच दिवशी ३० किलो घालू नका, म्हणजे झालं.

याच पत्रात वीज करण्याबद्दल विचारलंय. एक घनमीटर गॅसमध्ये सहा युनिटांच्या आसपास उष्णता असते, इंजिनातून त्यातली दीड ते दोन युनिटं वीज म्हणून हाती येते. तीन घनमीटरसाठी जनरेटर घेणं म्हणजे हौस. शेगडीच पेटवा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की गॅस करणारे जीव जिवाणू नाहीतच. मग ते कोण आहेत?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या बाई बरोबर आहेत, आणि मी वर 'जीव' म्हणत आलेय ते त्याचसाठी. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी या मिथेन करणाऱ्यांचा रेण्वीय पातळीवर अभ्यास केला. दिसायला ते जिवाणूंसारखेच, पण आतून इतके वेगळे निघाले, की त्यांच्यासाठी सजीवांची स्वतंत्र शाखा मांडावी लागली. तिला आता आर्किया म्हणतात. पहिली फळी, म्हणजे अन्नाचं आम्ल करणारे, ते मात्र खरोखरचे जिवाणू. हे मिथेनवाले प्राणवायूच्या संपर्कात तग धरत नाहीत, म्हणून ते चिखलात, भातखाचरात, गुरांच्या पोटात सापडतात. दलदलीतून वर येणारा गॅस पेटतो हे तर आलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्येच दाखवलं होतं. हो, बॅटरीवाला तोच. तळ्याच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे त्याने बाटलीत धरले होते. तुला करून बघायचं असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घे.

प्रश्न : जुनी टाकी गाळाने भरलीय. रिकामी केली, झाकण उघडून दोन दिवस ठेवलंय. आता माणूस उतरवून तळ साफ करून घ्यावा का?
— एक शेतकरी

उत्तर : दादा, हे पत्र पोचताच उत्तर फोनवर कळवायला सांगितलं होतं. तरी इथे पुन्हा, सगळ्यांसाठी: माणूस उतरवू नका. दोन दिवस काय, आठवडा उघडी ठेवली तरी नाही.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो आणि प्राणवायूला जागा देत नाही. गाळात पाय पडला, फावडं फिरलं की अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो म्हणून लोक वासावर विसंबतात. पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की नाकाला वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं, नेमकं तेव्हाच धोका वाढलेला असतो. खाली उतरलेला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा अपघातांत एकाच्या जागी दोन-तीन जण जातात ते यामुळेच. मेणबत्ती खाली सोडून बघतो, कोंबडी सोडून बघतो, हे सगळं बंद. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो, आणि तुम्ही मेणबत्ती सोडणार?

टाकीत पाणी सोडा, लांब बांबूने किंवा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने वरूनच गाळ मोडा, आणि मैला उपसणाऱ्या टँकरच्या पंपाने ओढून घ्या. दुरुस्तीसाठी आत जाणं अटळ असेल तर पंख्याने सतत हवा भरणं, वायुमापक यंत्र, श्वासाचं उपकरण, कमरेला दोर आणि बाहेर ओढणारी माणसं, हे सगळं असणाऱ्यांकडूनच काम करून घ्या. खर्च होईल, होऊ द्या.

प्रश्न : थंडीत गॅस निम्म्यावर येतो. टाकी खराब झालीय का?
— एक वाचक

उत्तर : नाही. या जिवांना ३५ अंशांच्या आसपास सगळ्यांत सुखाचं वाटतं. २० अंशांवर काम बरंच मंदावतं, १० च्या खाली जवळजवळ थांबतं. थंडीत खाद्य कमी करा, कारण मंदावलेल्या टाकीत नेहमीचा घास घातला की ती आंबते. काला करायला उन्हात तापलेलं कोमट पाणी वापरा. टाकी जमिनीवर असेल तर भोवती काड किंवा कुजतं कंपोस्ट रचा, कंपोस्टची ऊब आयती मिळते. जमिनीखालच्या घुमटाच्या टाक्या थंडीत बऱ्या पडतात. लोखंडी तरंगता ड्रम वरून गार होतो.

प्रश्न : स्लरी कुंड्यांत घातली तर रोपं करपली. मग ही खत कसली?
— एक बागप्रेमी

उत्तर : नीट घातलीत तर उत्तम खत. टाकीतून नत्र गॅसबरोबर फारसं जात नाही. गॅस होतो तो मुख्यतः कर्बाचा. म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक सगळं स्लरीतच राहतं. त्यातलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात येतं, पिकाला चटकन लागू पडतं, आणि घट्ट स्लरी कुंडीएवढ्या मातीत ओतली तर मुळं भाजतं. चार-पाच पट पाणी घालून, मातीवर द्या, पानांवर नको. उन्हात वाळवून ठेवलीत तर अमोनिया उडून जातो आणि निम्मा जोर तिथेच संपतो. शेतात द्यायची तर पाण्याबरोबर सोडा किंवा लगेच मातीआड करा.

थोडक्यात काही

लिंबू-संत्र्याच्या साली: मूठभर चालतील, बादलीभर नको. सालींतलं लिमोनीन मिथेनवाल्यांना सोसत नाही. तेल-तूप: गॅस खूप देतं, पण जास्त झालं की फेस येतो आणि टाकी बसते. अंड्याची टरफलं, हाडं: गॅस शून्य, तळाशी गाळ. फिनेल, ब्लीच, अँटिबायोटिक दिलेल्या जनावराचं शेण: अजिबात नाही. ज्योत तडतडते, नारिंगी ठिणग्या उडतात: पाइपात पाणी साचलंय. पाइपाला उतार द्या आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा. ज्योत बर्नरवरून उडते: शेगडीची हवेची झडप कमी करा. एलपीजीला पूर्ण जळायला स्वतःच्या पंचवीस-तीस पट हवा लागते, या गॅसला सहा पटीच्या आसपास. ज्योत बारीक: एलपीजीचा जेट तसाच ठेवलेला असणार. तो गॅस याहून बऱ्याच जास्त दाबाने येतो, म्हणून त्याचं भोक बारीक. बायोगॅसचाच बर्नर घ्या. बर्नर काळा पडून झिजतो: सल्फाइड. पाइपाच्या वाटेवर गंजलेल्या लोखंडी किसाची नळी बसवा, किस सल्फाइड धरून ठेवतो. काही महिन्यांनी किस बदला. बदलताना तो ओला ठेवून उघड्यावर टाका, कारण हवा लागली की तापतो आणि पेटूही शकतो.

प्रश्न : आम्ही दोघंच घरात, गॅस उरतो. ड्रम पूर्ण वर आला की कडेने बुडबुडे निघतात. जाऊ द्यावा का? नैसर्गिकच तर आहे.
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, तो जाऊ देऊ नका. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून जास्त. जाळला तर मात्र त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि तो कार्बन झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. म्हणून ड्रम वर यायच्या आत शेगडीवर मोठं भांडं ठेवून पाणी तापवा, अंघोळीला होईल. रोजच उरत असेल तर खाद्य एक तृतीयांशाने कमी करून आठवडाभर बघा. शेजारी कुणाला हवा असेल तर पाइप टाकता येतो, दाब कमी असल्यामुळे पाइप मात्र जाड घ्या. आणि बुडबुडे ड्रम अर्धा असतानाही दिसत असतील तर गॅस उरतोय असं समजू नका. ड्रमला भोक पडलंय. साबणाचं पाणी फिरवून ते शोधा. काडी पेटवून नाही.